एकोणीस बंद घरं

आमच्या सरांना सरपंचाच्या घरचा चहा चालत नसे. चहाशी वैर नव्हतं हो, दिवसातून आठ कप सहज व्हायचे. पण ज्या गावात पाहणी चालू आहे तिथल्या सरपंचाकडं, पोलीस पाटलाकडं आणि ठेकेदाराच्या मेव्हण्याकडं पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, असा त्यांचा नियम. "सरपंचाचा चहा प्यालं की रिपोर्ट गोड होतो, मॅडमबाई," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. मी तोवर सरपंचाकडं चहा आणि पोहे दोन्ही उरकून आले होते. ते मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांनी ओळखलं असणार, कारण माझ्या ओढणीवर कोथिंबीर होती.

मॅडमबाई म्हणजे मी. नगरच्या कॉलेजातून समाजकार्याची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडले होते आणि एका संस्थेत कंत्राटावर लागले होते. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या तोंडात नगरच येतं, त्याला इलाज नाही.) काम असं, की सरकारला कुठं तलाव, रस्ता, कालवा काढायचा असला की त्यानं तिथल्या माणसांचं काय होईल हे आधी जाऊन बघायचं. कुणाचं घर जातं, कुणाची विहीर जाते, कुणाचा धंदा बसतो, ते घरोघर विचारायचं, लिहायचं आणि त्याचा अहवाल द्यायचा. आमच्या पथकाचे प्रमुख म्हणजे सर. उभी नोकरी त्यांनी मोजणी खात्यात काढली होती. रिटायर झाल्यावर घरात बसवेना, म्हणून इकडं आले. "जन्मभर जमीन मोजली, तिच्यावर कोण उभं आहे ते बघायला सवडच झाली नाही," असं म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

दिसायला काडीसारखे. अंगात बारा महिने बिनबाह्यांचा तपकिरी स्वेटर, मे महिन्यात पाथर्डीला माणसं उन्हानं भाजून निघायची तेव्हासुद्धा. खांद्याला पिशवी, कानावर पेन्सिल आणि हातात काळी छत्री. छत्री पावसासाठी नव्हती. आमच्या भागात पाऊस तो किती, त्याच्यासाठी कोण वर्षभर छत्री बाळगतं? छत्री कुत्र्यांसाठी होती. कलेक्टरसमोर आवाज चढवून बोलणारा हा माणूस कुत्र्याला इतका भ्यायचा की वस्तीच्या तोंडाशी आलं की आधी फाटकन छत्री उघडून पुढं धरायचा आणि तिच्याआडून विचारायचा, "बांधलंय का हो?" कुत्रं बिचारं ते काळं भूत बघून पळून जायचं. पोरं हसायची, बायका पदर तोंडाला लावायच्या. पण मग गप्पांना जी सुरुवात व्हायची ती आमच्या छापील "नमस्कार, आम्ही अमुक संस्थेतून आलो आहोत" या वाक्यानं कधी व्हायची नाही.

खुर्ची दिली तर बसायचे नाहीत. "खुर्चीवर बसलं की समोरचा साहेबाला सांगावं तसं सांगतो," असं म्हणून सरळ ओट्यावर बूड टेकायचे. फॉर्म पिशवीतून बाहेर काढायला त्यांना निदान अर्धा तास लागायचा. आधी गुरांची चौकशी, मग लेकीच्या सासरची, मग असले एकेक प्रश्न की मला वाटायचं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. "जावई रुसला तर कुठं जाऊन बसतो?" "घरात पाहुणे आले आन् साखर संपली, तर उसनी कुणाकडनं आणता?" हा साखरेचा प्रश्न तर प्रत्येक घरात. उत्तर आलं की वहीत दोन घरांमध्ये पेन्सिलीनं रेघ मारायचे. सगळी वस्ती झाली की वहीवर रेघांचं जाळं. आमच्या ऑफिसात त्या वहीची भरपूर टिंगल व्हायची. मीही केली. एकदा मी विचारलं, "सर, याचा उपयोग काय?" तर म्हणाले, "अगं, उद्या ह्यांना उठवून नव्या गावठाणात नेतील. चिठ्ठ्या टाकून प्लॉट देतील. हिचं घर ह्या टोकाला, तिचं त्या टोकाला. वाटीभर साखरेसाठी मैलभर जायचं का तिनं? कुणाशेजारी कोण हवं, ते इथं लिहिलंय."

मी मान हलवली. पण पटलं होतं असं म्हणणार नाही. तेव्हा मला टॅबवर दिवसाला किती फॉर्म भरले त्याचीच चिंता असायची.

एका शब्दावरून मात्र त्यांनी मला झापलं होतं. मी एका तक्त्यावर 'लाभार्थी कुटुंबे' असं शीर्षक दिलं होतं. सवयीनं दिलं, सगळे देतात. सरांनी तक्ता उचलला, चष्मा कपाळावर चढवला आणि सगळ्या ऑफिससमोर म्हणाले, "ज्याचं घर पाण्यात चाललंय त्याला लाभ कसला झाला गं? बाधित लीव. आन् लिहिताना जरा लाज वाटू दे." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. संध्याकाळी ते भेळ घेऊन आले. शब्दानं काही बोलले नाहीत, भेळेचा पुडा टेबलावर ठेवून गेले. माणूस असाच होता. ओरडायचा मोठ्यानं आणि माफी मागायची वेळ आली की खायला आणायचा.

भंडारदऱ्याकडची एक गोष्ट आमच्याकडं अजून सांगतात. तिकडं डोंगरातला एक रस्ता रुंद व्हायचा होता. जमीन कुणाचीच जात नव्हती, वनखात्याची कड होती नुसती. आमच्या पोरांनी दोन दिवसांत काम आटोपलं. सर तिसऱ्या दिवशी पहाटे सरपणाला जाणाऱ्या बायकांच्या मागं मागं डोंगर चढून गेले आणि येताना त्यांच्याबरोबर उतरले. त्यांच्या डोक्यावरसुद्धा एक मोळी होती. लहानशीच, पण मान दोन दिवस वाकडी झाली. अहवालात त्यांनी एक ओळ घातली: 'रस्त्याच्या वळणावर डोक्यावरचा भारा टेकवायचा उंच दगड, एक, जाणार. दुसरा नाही.' इंजिनियर लोक हसून हसून लाल झाले. पण त्या खात्यात एक बाई इंजिनियर होत्या, त्याच अकोले तालुक्यातल्या, त्या हसल्या नाहीत. रस्ता झाला तेव्हा वळणावर तेवढ्याच उंचीचा दगडी कट्टा बांधून मिळाला. सरांनी त्याचा फोटो कधी काढला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "बायकांनी भारा टेकला ना? मग झालं."

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगायला बसले ते सांगते. त्यात चूक माझी आहे, आणि ती लपवायची नाही असं ठरवूनच लिहितेय.

पाथर्डी तालुक्यातल्या एका गावाच्या कडेला साठवण तलाव व्हायचा होता. पाण्याखाली थोडी शेतं जात होती आणि गायरानात वसलेली एक छोटी वस्ती जात होती. नियम साधा होता. ज्यांचं राहतं घर जाईल त्यांना नव्या गावठाणात प्लॉट आणि घर. जे घर पडीक, सोडून दिलेलं, त्याला काही नाही. त्या वस्तीची पाहणी माझ्याकडं आली. महिना पौष. मी टॅब घेऊन गेले, तर एकोणीस घरं आणि एकोणीस कुलपं. चिटपाखरू नाही. वस्तीतली म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं पाण्याच्या सोयीसाठी गावात नातलगांकडं राहायला गेली होती, पण ते मला मागाहून कळलं. टॅबवर 'घर बंद' असं एक बटण होतं. ते दाबलं की पुढचे साठ-सत्तर प्रश्न आपोआप गळायचे. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या रजिस्टरवरून नावं टाकली, बटण दाबलं, नावं टाकली, बटण दाबलं. तासाभरात एकोणीस फॉर्म! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. त्या दिवशी आख्ख्या संस्थेत माझा नंबर पहिला आला. ऑफिसातल्या साहेबांनी ग्रुपवर अंगठा पाठवला. गठ्ठ्यात सगळ्या गावांचे तक्ते होते, सरांनी त्यावर सही केली आणि अहवाल वर गेला.

सरांची सवय होती, अहवाल गेला तरी ते पुन्हा एकदा सगळं गाव पायी फिरून यायचे. म्हणायचे, जेवल्यावर शतपावली लागते तसं. चार दिवसांनी फिरायला गेले आणि तिथून मला फोन आला. "मॅडमबाई, असाल तशा या."

मी गेले तेव्हा ते एका दारासमोर उकिडवे बसले होते. छत्री मिटलेली. कुलपाकडं बोट करून म्हणाले, "हे काय आहे?"

"कुलूप, सर."

"त्याच्यावर?"

कुलपावर दुधाची रिकामी पिशवी गुंडाळून वर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली होती. पिशवी सोडली तर आत कुलूप तेलानं चकाकत होतं.

"जो परत येणार नाही तो कुलपाला तेल पाजतो का?" सरांचा आवाज वर चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. "ती बाज बघ. उभी करून खांबाला बांधलीय. चुलीवर घमेलं पालथं घातलंय, वर धोंडा ठेवलाय, वाऱ्यानं उडू नये म्हणून. एकोणीसच्या एकोणीस घरं अशी झाकून ठेवलीत. आन् आपण लिहिलं, वापरात नाही."

"घर बंद होतं, सर..." मी काहीतरी पुटपुटले.

"शिंगणापूरला घरांना दारंच नाहीत. तिथं गेली असतीस तर काय लिहिलं असतंस? घर उघडं, माणसं चोरीला गेली?"

मला हसायला आलं नाही. कारण तोवर माझ्या टाळक्यात उजेड पडला होता. पौष महिना. ऊसतोड! दिवाळी झाली की ह्या भागातली घरंच्या घरं कारखान्यांकडं जातात आणि पाडव्याच्या पुढंमागं परत येतात. मी नगरात वाढले. लहानपणापासून उसाच्या गाड्या आणि त्यावर बसलेली माणसं बघत आले. पण ती माणसं कुठून निघतात आणि मागं काय झाकून ठेवून निघतात, याचा विचार कधी म्हणून कधी केला नव्हता. आणि ऊसतोड कामगारांच्या वस्तीची पाहणी आम्ही ठेवली ती ऐन हंगामात. शहाणे कुठले! ही माणसं पाडव्याला परतली असती तेव्हा यादी पक्की झाली असती आणि त्यांच्या घरांची नोंद 'पडीक' अशी राहिली असती.

गावातल्या किराणा दुकानदाराकडं सगळ्या वस्तीचे मोबाईल नंबर होते, कारण रिचार्ज तोच मारायचा. फोन लावल्यावर कळलं, बरीचशी वस्ती कोपरगावकडं तोडीला आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं कोपरगावला गेलो. सर सगळ्या वाटेत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. नगरच्या स्टँडवर मात्र उतरून गेले आणि दोन वडापाव घेऊन आले. तो वडापाव हातात आला तेव्हा मला हायसं वाटलं.

गोदावरीकाठी उसाच्या एका फडात वस्तीतली टोळी सापडली. दुपारचं ऊन, पाचटाची धूळ, ट्रॅक्टर भरायची घाई. आमच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती. सर म्हणाले, थांबू. नुसते थांबले असते तर ते सर कसले? पिशवी बांधावर ठेवून ते मोळ्या बांधायला लागले. पहिली मोळी उचलताच सुटली. दुसरी सुटली. एक बाई कोयता थांबवून म्हणाली, "आण्णा, ऱ्हाऊ द्या. तुमी बांधल्याली मोळी सोडाया मला दुसरा मानूस लागंल." सगळा फड हसला. सर सगळ्यांत मोठ्यानं हसले.

ती कौसाबाई. चाळिशी ओलांडलेली, उन्हानं रापलेली, बोलायला खणखणीत. माझ्या टॅबमधल्या एकोणीस नावांमध्ये तिच्या नवऱ्याचं नाव होतं. मी ते वाचून "ते कुठं आहेत?" असं विचारलं.

"ते न्हाईत," ती म्हणाली. "दसऱ्याच्या आदी गेले. काविळीनं." आणि उसाच्या वाढ्याची पेंढी वळत राहिली.

मग तिनंच सांगितलं. तोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा. ती यंदा अर्धा कोयता म्हणून आली होती. लेक राहुरीकडं दिलेली. दीर म्हणत होता, वस्तीवरचं घर आता मला दे आणि तू आमच्यात ऱ्हा. "त्याच्यात म्हंजे त्याच्या गोठ्याशेजारी," कौसाबाई म्हणाली. "घर आमी दोघांनी बांधलंय, आण्णा. भित्ती मी लिपल्यात. पत्रं त्यांनी टाकलं. तळ्यात जातंय तर जाऊ द्या, तळं काय वाईट न्हाई, पानी लई लागतं आमच्याकडं. पर दुसरं घर मिळंल ते माझं मिळंल ना?"

मी मान खाली घातली होती. टोळीच्या मुकादमाच्या लेखी ही बाई अर्धी होती आणि माझ्या फॉर्ममध्ये ती नव्हतीच. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

मी तिथल्या तिथं टॅब काढला आणि फॉर्म भरायला घेतला. शेवटी लाल अक्षरं आली: 'आपण प्रकल्पक्षेत्राबाहेर आहात.' सरांनी वाकून वाचलं. "त्याला म्हणावं, माणसंच बाहेर आहेत, आम्ही काय करू?" टॅबला ते समजणार नव्हतं. शेवटी सरांनी कानावरची पेन्सिल काढली आणि वहीत सगळ्यांची माहिती लिहून घेतली. टोळीच्या कोप्या-कोप्यांमधून, त्या पाचटाच्या झोपड्यांमधून, फिरलो. काही कुटुंबं दुसऱ्या कारखान्यांवर होती, त्यांना फोन लावले. आणि हो, साखरेचा प्रश्नसुद्धा झाला. उसाच्या फडात बसून साखर उसनी कुणाकडनं आणता, असं विचारल्यावर बायका कितीतरी वेळ हसत होत्या.

ऑफिसातल्या साहेबांनी वहीला हात लावला नाही. म्हणाले, अहवाल गेलाय. आता दुरुस्ती होईल ती फक्त जनसुनावणीत. तिथं वस्तीतल्या कमावत्या माणसानं स्वतः येऊन सांगितलं आणि पथकानं चूक कबूल केली तरच; गावात राहायला गेलेल्या म्हाताऱ्यांचं चालणार नाही. जनसुनावणी म्हणजे अधिकारी गावात येऊन सगळ्यांसमोर अहवाल वाचतात, ज्याला हरकत घ्यायची त्यानं तिथं घ्यायची. ती आठ दिवसांवर आली होती आणि हंगाम ऐन भरात. मुकादम कुणाला सोडायला तयार नव्हता. एक आख्खा कोयता गेला तर गाडी कशी भरणार? शेवटी कौसाबाईनं फोन केला, "आण्णा, मी येते. अर्धाच कोयता जातोय, मुकादम कुरकुरला पर हो म्हनला." हे सांगताना ती हसत होती.

सुनावणीच्या दिवशी सर सकाळपासून पाथर्डीच्या स्टँडवर छत्री घेऊन उभे. कौसाबाई उतरली ती नव्या लुगड्यात आणि हाताला उसाच्या पात्यांचे ओरखडे. तिला थेट गावातल्या मारुतीच्या सभामंडपात आणलं.

सरांची एक गोष्ट सांगायची राहिली. जनसुनावणीत ते कधीही बोलायचे नाहीत. त्यांचं म्हणणं, "तो दिवस लोकांचा. आपण तोंड घातलं की ते आपलं म्हणणं होतं." कितीही गरमागरमी होवो, म्हातारा मागं भिंतीला टेकून गप्प. त्यामुळं अधिकाऱ्यांनी 'वस्ती, घरे एकोणीस, सर्व बंद व पडीक' असं वाचलं आणि सर उभे राहिले, तेव्हा आमच्या पथकातल्या सगळ्यांच्या माना वळल्या.

"ही नोंद चुकीची आहे साहेब," सर म्हणाले. "माझ्या पथकाची चूक. सही माझी आहे."

मी उठायला लागले. खरंच उठत होते. नोंद मी केली होती, बटण मी दाबलं होतं. सरांनी वळून न बघता छत्रीचं टोक माझ्या पायावर ठेवलं आणि दाबलं. "बस," इतकंच म्हणाले, तेही ओठातल्या ओठात. माझी नोकरी कंत्राटावरची होती, हे त्यांना माहीत होतं. मी बसले. त्या बसण्याचं मला अजून वाईट वाटतं, ते वाटायलाच पाहिजे.

अधिकारी भला माणूस होता, पण कागदाला धरून चालणारा. म्हणाला, ठीक आहे, वस्तीतलं कोण आलंय? कौसाबाई उठली. मग त्यांनी एकेक नाव वाचलं आणि विचारलं, हे कुटुंब तिथं राहतं का? ती प्रत्येक नावाला सांगत गेली. "हाय. त्यांच्या दारात लिंब हाय, शेळ्या बांधत्यात." "हाय. थोरली सून बाळंत झालीय आत्ता फडावर." "हाय, हाय. त्यांचं आमचं भांडान हाय, पर ऱ्हात्यात." मंडपात हशा झाला. अधिकारीसुद्धा हसला आणि लिहीत गेला. अठरा नावं झाली. एकोणिसावं तिच्या नवऱ्याचं.

ती थांबली. पदर खांद्यावर नीट केला.

"ते न्हाईत," ती म्हणाली.

"मग आता कुटुंबप्रमुख कोण? घरात कर्ता पुरुष?" अधिकाऱ्यानं विचारलं. त्याच्या फॉर्ममध्ये तसा रकाना होता, त्याचा तरी काय दोष?

मागून कुणीतरी म्हणालं, दीर हाय की तिचा.

कौसाबाईनं मागं वळून बघितलंसुद्धा नाही. "मी हाय," ती म्हणाली.

अधिकाऱ्यानं क्षणभर पेन तसंच धरलं. मग लिहिलं. मी बाजूला बघितलं तर सर स्वेटरच्या टोकानं चष्मा पुसत होते, आणि चष्मा काही स्वच्छ होत नव्हता.

त्यानंतर महिन्याभरात संस्थेनं सरांना पथकावरून काढलं. चुकीच्या अहवालावर सही केली म्हणून. मी राजीनामा लिहून त्यांच्या घरी गेले. त्यांनी तो वाचला, चार घड्या घातल्या आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. "तू सोडलंस तर पुढच्या कुलपाला कोण हात लावणार? मी? माझे गुडघे गेले." मग काकूंना म्हणाले, "अगं, हिला काहीतरी खायला दे, फार दुःखात आहे." ते स्वतः मजेत होते. खरंच मजेत. टॅबपासून सुटका झाली म्हणून शेजाऱ्यांना पेढे वाटले होते. मी त्या दिवशी त्यांच्याकडं पोट भरून थालीपीठ खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. अजून तेच काम करते.

पुढच्या वर्षी तलाव होत आला. नव्या गावठाणात घरं उभी राहिली. त्यांचं वाटप वैशाखात ठेवलं होतं, सगळी मंडळी हंगाम संपवून परतल्यावर. तेवढं तरी आम्ही शिकलो होतो. मांडव घातला होता. व्यासपीठावर साहेब लोक. सरांना आमंत्रण नव्हतं. कोण देणार? तरी आपल्या मोपेडवर टुकटुक करत आले आणि वस्तीच्या माणसांमध्ये सतरंजीवर जाऊन बसले, कौसाबाईच्या शेजारी. मी मागं उभी होते.

एकेक नाव पुकारायला लागले. माणूस उठायचा, मागून बायको उठायची, किल्ली आणि कागद घ्यायचे, फोटो व्हायचा. टाळ्या. मग पुकारा झाला, कौसल्याबाई, पुढं नवऱ्याचं नाव, आडनाव. कोणी उठलं नाही. परत पुकारलं. ती सतरंजीवर तशीच बसलेली, पुढं बघत, हात मांडीवर.

सर तिच्याकडं वाकले. "अगं, ऊठ की. तुला बोलावतायत."

"दर येळंला आदी त्यांचं नाव येतंय ना," ती म्हणाली. "त्यांच्या मागनं मी उठते."

सरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, बापानं ठेवावा तसा, आणि म्हणाले, "बाई, घर तुझ्या नावावर आहे. तूच पहिली ऊठ."

ती उठली. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, पण ती चालत गेली आणि तिनं किल्ली घेतली.